मागच्या पानांवरून

आईची एक वही माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे उधारी मांडायला असते तसली. घरात तिचं नाव 'देण्याघेण्याची वही'. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, एकसष्टी. कुणी काय आहेर केला, आपण कुणाला काय केला, सगळं तिच्यात ओळीने मांडलेलं. रुपये ११, रुपये २१, पुढे कधीतरी ५१. मध्येच 'स्टीलचं पातेलं, मध्यम', 'भिंतीवरचं घड्याळ', 'चादर, डबल'. दसरा झाला की आई ती फडताळातून काढायची, चष्मा पदराने पुसायची आणि यंदाच्या दिवाळीला कुणाकडे काय जायला हवं ते ठरवायला बसायची. आम्ही मुलं तेव्हा किल्ल्यासाठी माती चाळत असायचो. त्या वहीत बघण्यासारखं काही असेल असं आम्हाला कधी वाटलं नाही.

आई गेली त्या वर्षी मिरजेहून पुण्याला परत येताना मी ती वही पिशवीत टाकून आणली. दिवाळीच्या आधी उघडायला घेतली आणि ती हातात उलटी आली. वही उलटी धरून, मागच्या बाजूने, आईने पेन्सिलीने दुसरंच काहीतरी लिहून ठेवलं होतं. त्यात एकही रक्कम नव्हती.

'ठाण्याच्या जाऊबाई – जरीने मान खाजते. सुतीच.'

'ह्यांना लोकर टोचते. आतून अस्तर असेल तर चालेल.'

'शेजारच्या काकू – साखर निघाली. लाडू नकोत. कवळी बसवली, चकलीही नको. पातळ पोह्यांचा चिवडा, त्यातलं खोबरं काढून.'

'वन्सं – बांगडी डावीकडे २-६, उजवीकडे २-८. फिरकीचं झाकण नको.'

'विहीणबाई – हिरवा आवडायचा. आता नको म्हणतात. कारण विचारू नये.'

अशी अकरा पानं. तारीख कुठेच नाही. बऱ्याच ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या, काही तीन-तीनदा. पेन्सिल त्यासाठीच असणार. मी ओट्याशी उभ्या उभ्या सगळी वाचली. पुढच्या पानांवरची नावं मला लहानपणापासून पाठ होती. ती माणसं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

दिवाळीची भेट कशी निवडावी असं मला कुणी विचारलं, तर माझ्याकडे सांगायला ही अकरा पानंच आहेत. आईने दिवाळीच्या तोंडावर फारसं काही निवडलंच नसावं. मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घालताना, मंगळागौरीच्या रात्री, कुणाच्या तरी सोबतीला दवाखान्याच्या बाकावर बसलेली असताना तिच्या कानावर काही पडलेलं असायचं, ते ती घरी येऊन लिहायची. ऑक्टोबरात फक्त बाजारात जायचं उरायचं.

बांगडीचंच घ्या. बांगडीचं माप इंचात असतं आणि दुसरा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. दोन-सहा आणि दोन-आठमधला फरक इंचाचा आठवा भाग, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. पण काचेची बांगडी तेवढंही माफ करत नाही. कासार बांगड्या भरताना अंगठा तळहातात दुमडतो, बोटांची मुळं आवळून धरतो आणि मग बांगडी पुढे सरकवतो, कारण ती मनगटाशी कधीच अडत नाही, अडते ती बोटांच्या मुळांशी. आता समोरच्या बाईला कळू न देता हे माप घ्यायचं कसं? आईची रीत मी पाहिली आहे. कणीक मळायला म्हणून कुणी बांगड्या उतरवून ओट्यावर ठेवल्या, की बोलता बोलता आई त्यातली एक उचलायची आणि स्वतःच्या हातात घालून बघायची. तिचा हात दोन-चारचा. बांगडी कितपत सैल सरकते, मनगटावर किती फिरते, एवढ्यावरून तिला कळायचं. बांगडी परत जागेवर, आणि गप्पांचा धागा कुठेही तुटलेला नसायचा.

वहीतल्या 'वन्सं' म्हणजे माझी वाईची आत्या. तिच्या नावापुढे दोन हातांची दोन मापं होती आणि मी त्यावर थांबले नाही. वाचलं, गंमत वाटली, पुढे गेले. त्या वर्षी मला बांगड्या द्यायच्याच नव्हत्या. मला काहीतरी छान द्यायचं होतं.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवणाऱ्या घरांची वस्ती. आता पूर्वीइतकी घरं उरलेली नाहीत, पण गल्लीच्या तोंडाशी आलात की अजूनही हातोडीचा आवाज ऐकू येतो. तांबट घडवलेल्या भांड्यावर बाहेरून एकासारखे एक ठोके घालत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्याने तांबं घट्ट होतं, भांडं कणखर होतं, आणि प्रत्येक ठोक्याचा एक छोटासा गोल खळगा उठतो. असे शेकडो खळगे शेजारी शेजारी बसले की भांड्यावर उजेड एका जागी थांबत नाही, पाण्यावर हलतो तसा हलतो. मी तिथे एका उंबऱ्याशी तासभर उभी होते. तांबट वयस्कर होते. भांडं लोखंडी खुंटावर अडकवून एका हाताने फिरवत होते, दुसऱ्या हाताने ठोका. नजर भांड्यावर सुद्धा नव्हती, माझ्याशी बोलत होते, आणि एक ठोका ओळ सोडून पडत नव्हता. मी त्यांच्याकडून पाण्याचा मोठा घडा घेतला, वर झाकण, शेजारी ओगराळं. अतिशय सुंदर वस्तू. ती मी वाईला नेऊन आत्याच्या ओट्यावर ठेवली तेव्हा तिचं ते अंधारं स्वयंपाकघर एकदम उजळलं. आत्या हरखली. शेजारणींना बोलावून दाखवलं.

संक्रांतीला गेले तेव्हा घडा फळीवर वर ठेवलेला होता. काळवंडलेला, गळ्याशी हिरवट डाग. मी काही बोलले नाही, पण माझी नजर तिकडे गेलेली तिने पाहिली. आणि माझी आत्या, वयाने माझ्याहून तीस वर्षांनी मोठी, मला म्हणाली, "रागावू नकोस गं. घासवत नाही मला. सकाळी मूठच मिटत नाही. तू एवढं हौसेने आणलंस..."

तांब्याला पाणी आणि हवा लागली की ते काळवंडतंच. चिंच-मीठ किंवा लिंबू लावून रोज घासावं लागतं, आणि मठारकामाच्या भांड्याला तर प्रत्येक खळग्यात बोट फिरवावं लागतं. संधिवाताने सुजलेल्या बोटांच्या बाईला मी रोजचं एक काम नेऊन दिलं होतं. वर ते होत नाही म्हणून तिने माझी माफी मागायची. त्या रात्री पुण्याला परतल्यावर मी वही पुन्हा काढली. 'डावीकडे २-६, उजवीकडे २-८.' उजव्या हाताची बोटांची मुळं सुजली होती म्हणून तिकडचं माप मोठं. 'फिरकीचं झाकण नको', कारण फिरवायला पकड लागते. आईने सगळं लिहून ठेवलं होतं. संधिवात हा शब्द तेवढा लिहिला नव्हता.

पुढच्या दिवाळीला मी आत्याला डबे दिले. साधे, हलके, वरून तळहाताने दाबलं की झाकण सुटणारे. बारा. दोन दिवस तिच्याकडे राहिले आणि तिच्या फिरकीच्या बरण्यांमधलं सगळं त्यांत भरलं. जिरं, मोहरी, हळद, गोडा मसाला, शेवटी साबुदाणा. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात नाव लिहून चिकटवलं. दिसायला त्या डब्यांत काहीच नाही. आत्याने ते कुणाला बोलावून दाखवले नाहीत. पण त्यानंतर फोनवर एकदा सहज म्हणाली, "आता आमटीला मसाला घालायला कुणाची वाट बघावी लागत नाही." म्हणजे इतकी वर्षं ती बरणी उघडून द्यायला कुणी येण्याची वाट बघत होती. तो तांब्याचा घडा आता माझ्याकडे आहे आणि मी तो घासते.

मला स्वतःला सुंदर वस्तू फार आवडतात, आणि माझ्या चुका तिथेच झाल्या आहेत. आपल्याला आवडलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात आपली आठवण म्हणून राहावी अशी आपली इच्छा असते. त्यात वाईट काही नाही. एके वर्षी मला खणाचं वेड लागलं होतं. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आमच्या मिरजेच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या चोळ्यांना वापरलेला. काठाचा, बारीक वेलबुट्टीचा, उन्हात धरला की आडव्या-उभ्या धाग्यांचे दोन रंग दाखवणारा. मी त्या वर्षी सगळ्यांना खणच दिला. कुणाला कुडत्यासाठी, कुणाला तोरण, कुणाला बटवा. ज्यांनी वापरला त्या आधीपासून खण वापरणाऱ्याच होत्या. बाकीच्यांनी जपून ठेवला. 'जपून ठेवलाय हं' हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो, पण भेट देणाऱ्याने ते ऐकलं की समजावं, नेम चुकला.

जपून ठेवण्यावरून देण्याघेण्याच्या साड्यांबद्दल बोललं पाहिजे. प्रत्येक मराठी घरात कपाटाचा एक खण त्यांचा असतो. एकरकमी आठ-दहा आणलेल्या, किमतीला बेताच्या, रंग कुणालाही चालतील असे, म्हणजे खरं तर कुणाच्याच आवडीचे नाहीत असे. फॉल न लावलेला, ब्लाऊजपीस न कापलेला, प्लास्टिकची पिशवी तशीच. त्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मला एका वास्तुशांतीला मिळालेली साडी मी ओळखली. चार वर्षांपूर्वी ती मीच दुसऱ्या एका घरी दिली होती. घडीच्या आत, मी पेनाने किंमत खोडलेली चिठ्ठी अजून होती. मला राग आला नाही, वाईट मात्र वाटलं. साडेपाच मीटर कापड, कुणीतरी मागावर किंवा यंत्रावर विणलेलं, रंगवलेलं, आणि चार वर्षांत ते एकदाही कुणाच्या अंगाला लागलं नव्हतं. घडी मोडली नाही की साडी घडीवरच विरते. उलगडून बघितली तर दोन ठिकाणी तसं सुरू झालं होतं. मी ती धुतली, फॉल लावला आणि नेसायला काढली. रंग मला शोभत नाही, तरी नेसते.

ओटीच्या ब्लाऊजपीसला मात्र मी नावं ठेवणार नाही. ओटी हा मान आहे. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. त्यात आवडीनिवडीचा प्रश्नच नसतो, घरी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही एवढंच असतं. पाडव्याची, भाऊबीजेची ओवाळणीही तशीच, तबकात पडलेले पैसे पैसेच असू देत. मान रीतीने द्यावा आणि भेट माणूस बघून द्यावी. आपली गडबड होते ती या दोहोंची सरमिसळ केल्याने, मानाची वस्तू भेट म्हणून पाठवल्याने.

तसंच आणखी एक. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना दिवाळीला एक पगार जास्तीचा देतो. तो त्यांचा हक्क आहे, त्याला मी भेट म्हणत नाही, आणि तो देऊन वर भेट दिली नाही तरी चालतं. पण हक्काचा पगार कापून त्याच्या जागी साडी देणं मला कधीही पटलेलं नाही. मीसुद्धा बरीच वर्षं पगाराबरोबर एक साडी देत होते, वर लिहिलेल्या कपाटाच्या त्याच खणातली. एक दिवस दार उघडताना त्यांच्या चपला दिसल्या. रोज दिसायच्या, त्या दिवशी बघितल्या. उजव्या चपलेची टाच झिजून जमिनीला टेकलेली, पट्टा दाभणाने शिवलेला. त्या पाच घरची कामं करतात, सगळी पायी. काही महिन्यांपूर्वी, लादी पुसून उठताना त्या ओट्याला धरून क्षणभर थांबल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "काही नाही वहिनी, टाच धरलीय." मी 'गरम पाण्यात पाय ठेवा' असं काहीतरी म्हणून मोकळी झाले होते.

त्या आत भांडी घासत होत्या तेव्हा मी दाराशी वर्तमानपत्र पसरलं, चप्पल त्यावर ठेवली आणि पेन्सिलीने कडेने रेघ ओढली. तो कागद घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने कागद बघून विचारलं, "रोज किती चालतात?" मला त्याचा प्रश्न फार आवडला. त्याने डॉक्टर चप्पल म्हणतात त्यातली एक काढली, खालून मऊ, टाचेशी खोलगट, पट्टा मागूनही, म्हणजे ओल्या पायाने सटकत नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी डबा त्यांच्या हातात दिला. त्या बराच वेळ चपलेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं माप कुठनं कळलं तुम्हाला?" मी वर्तमानपत्राचं सांगितलं. त्यांनी त्या चपला घरी नेल्या नाहीत, तिथेच दारात घातल्या आणि जुन्या पिशवीत टाकल्या.

सगळंच असं जमत नाही. मागच्या पानांवर माझ्या धाकट्या भावाची एक ओळ आहे: 'कॉलर' आणि पुढे आकडे. ३६ खोडून ३८, ते खोडून ३९, मग ४०, मग ४२. त्याची सगळी वाढ त्या खोडाखोडीत आहे. कॉलेज, नोकरी, लग्न, पोट सुटणं. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी त्याच्यासाठी सदरा नेला, ४२ चाच, शेवटचा आकडा तोच होता. त्याने अंगात घातला आणि खांद्यावरून तो खाली उतरला. गळ्याशी दोन बोटं शिरतील एवढी जागा. आई गेल्यापासून बाबांचं सगळं तोच बघत होता, रात्रीची उठबस, औषधं, नोकरी सांभाळून. रोज आमचा फोन व्हायचा. रोज मी विचारायचे, 'बाबा कसे आहेत?' तो सांगायचा. तो किती वाळलाय हे मला सदऱ्याने सांगितलं. "असू दे ताई, थंडीत आत स्वेटर घालता येईल," तो म्हणाला आणि दिवसभर तोच सदरा घालून वावरला. मी ४२ खोडलं, ४० लिहिलं. आईच्या अक्षराखाली माझ्या अक्षरातली ती पहिली नोंद. त्या वर्षीपासून दर महिन्यातला एक शनिवार-रविवार मी मिरजेला जाते आणि त्या दोन दिवसांत भाऊ आणि वहिनी कुठे जायचं तिथे जातात. ते दोन दिवस मी दिवाळीच्या भेटींत धरते.

भाचीची गोष्ट सोपी आहे. डावखुरी आहे, हाताने कागद कापून सुरेख चित्रं करते, आणि मी तिला वर्षानुवर्षं कानातले देत होते. आपली नेहमीची कात्री उजव्या हातासाठी केलेली असते. डाव्या हातात धरली की बोटांच्या जोराने पाती एकमेकींपासून दूर जातात, कागद कापला न जाता मध्ये दुमडतो, आणि कापायची रेघही पात्याआड लपते. डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते, पाती उलट बसवलेली. ती मागवली. आमच्याकडे धारेची वस्तू भेट देत नाहीत, नातं कापलं जातं म्हणतात, आणि दिलीच तर घेणाऱ्याने एक रुपया द्यायचा, म्हणजे ती विकत घेतली असं होतं. भाचीने रुपया दिला, कात्री घेतली, आणि फराळाचं ताट तसंच ठेवून खोलीत निघून गेली. तासाभराने बाहेर आली ती कागदाचा आकाशकंदील घेऊन. "मावशी, रेघ दिसते गं!" एवढंच म्हणाली. रुपया वहीत आहे.

बाबांना मी दर वर्षी दिवाळी अंक देत आले. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शतक उलटून गेलं, तरी फराळाच्या ताटाशेजारी अंक असल्याशिवाय आमच्या घरात दिवाळी लागत नाही. बाबा अंक आधी नाकाशी धरायचे, मग अनुक्रमणिका, मग जाहिरातीसुद्धा सोडायच्या नाहीत. दोन-तीन अंक फेब्रुवारीपर्यंत पुरवायचे. एक वर्ष असं आलं की मी नेलेले अंक होळीला गेले तेव्हाही कोरे होते. पानं एकमेकांना चिकटलेली. बाबांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चालला होता. त्यात कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दाराची चौकट दिसते, दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. पानाचा समास दिसतो, अक्षरं जातात. ते कुणाला बोलले नव्हते. अंक उशाशी ठेवायचे, मधूनमधून हातात घ्यायचे.

पुढच्या दिवाळीला मी तीन अंक आधीच आणले आणि रात्री जेवणं आटोपली की स्वयंपाकघराचं दार लावून फोनवर मोठ्याने वाचून ठेवायला लागले. वाचणं सोपं असेल असं वाटलं होतं. पहिल्या कथेला चार रात्री लागल्या. आवाज चढायचा, घसा सुकायचा, एखादा लांब उतारा चुकीच्या जागी तुटायचा. संवाद नाटकी झाले की मलाच ऐकवेनात. हळूहळू कळलं की आपण बाबांसमोर बसून वाचतो आहोत असंच वाचायचं, दुसरं काही करायचं नाही. सतरा कथा, चार लेख आणि एक प्रवासवर्णन झालं. कवितांना मी हात लावला नाही, त्या बाबा स्वतः म्हणायचे तशा मला येत नाहीत. मुलाने ते सगळं पेनड्राइव्हवर घालून दिलं. पेनड्राइव्ह लागतो असा एक छोटा रेडिओ घेतला, बटणं मोठी आणि उठावाची असलेला, आणि चालू-बंदच्या बटणावर मी लाल दोऱ्याची गाठ चिकटवली, बोटाला लागावी म्हणून. बरोबर तिन्ही अंकही नेले. त्यांचा वास बाबांना हवा होता.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बाबा खाटेवर पडून ऐकत होते. अंक छातीवर. मी स्वयंपाकघरात अनारसे तळत होते आणि बाहेरच्या खोलीतून माझाच आवाज येत होता. मध्येच कुकरची शिट्टी झाली. मी गॅसकडे बघितलं, कुकर नव्हता. ती पुण्यातल्या रात्रीची शिट्टी होती, उद्याच्या डब्यासाठी लावलेली, कथेत मिसळून गेलेली. मला ती पुसून टाकायची राहिली म्हणून चुटपुट लागली. बाहेर जाऊन म्हटलं, "बाबा, ती शिट्टीवाली मी पुन्हा वाचून देते."

"नको," बाबा म्हणाले. "तीच ठेव. तुझ्या घरात बसल्यासारखं वाटतं."

भाऊ सांगतो, ते तीच कथा सगळ्यात जास्त वेळा लावतात.

यंदा दिवाळीला अजून महिना आहे. फोनवर मोठमोठ्या सवलती दिसताहेत, सुक्यामेव्याच्या खोक्यांचे फोटो येताहेत, 'शंभराच्या वर घेतलेत तर नाव छापून देऊ' म्हणणारेही. ज्यांना पन्नास-शंभर माणसांना काही पोचवायचंच असतं त्यांची अडचण मी समजू शकते. माझी माणसं एकवीस आहेत. गेल्या वर्षी तेवीस होती.

काल आत्याला फोन केला होता. विशेष काही नाही, ख्यालीखुशाली. तिने कृष्णेला पाणी किती आहे ते सांगितलं, शेजारच्या नव्या सुनेचं कौतुक केलं, भाजणी यंदा विकत आणणार म्हणाली, आणि ते सांगताना जरा गप्प झाली. मग दुसरंच बोलायला लागली. रात्री दोनदा उठावं लागतं. दिव्याचं बटण पलंगापासून लांब, भिंतीला धरत धरत जावं लागतं. "जाते आपली अंदाजाने. साठ वर्षं त्याच घरात आहे, पडतेय कशाला?" असं म्हणून हसली.

फोन ठेवला आणि वही काढली. आईच्या ओळीखाली जागा होती.

'आत्या – पलंगाशी दिवा. चालताना आपोआप लागणारा. बटण नको. भाजणी आपण दळून न्यायची, तिच्या प्रमाणाने. प्रमाण तिलाच विचारायचं.'